पहिली गाडी पडायला मोकळी हवी

पत्र:

ताई, माझी मुलगी सतरा वर्षांची आहे. लहानपणापासून माझ्या मागे बसून हिंडली, आता तिला स्वतः मोटारसायकल चालवायची आहे. मी पंचवीस वर्षं चालवतो, मोठा अपघात कधी झाला नाही, म्हणून मीच शिकवीन म्हणतो. दोन जुन्या गाड्या पाहून ठेवल्या आहेत. एक २५० सीसीची, आठ वर्षांची, पण जेमतेम सहा हजार किलोमीटर चाललेली. मालक बाहेर असल्यामुळे दोन वर्षं झाकून उभी आहे, दिसायला नवीकोरी. दुसरी १२५ सीसीची, चाळीस हजार चाललेली, टाकीला पोचा आहे, पण रोज वापरात आहे. किमतीत फार फरक नाही. मला वाटतं मोठीच घ्यावी, म्हणजे शिकून झाल्यावर ती तीच वापरेल. पत्नीचा मात्र या सगळ्यालाच विरोध आहे. गाडी कोणती घेऊ, आणि पत्नीला कसं पटवू?

उत्तर:

आधी उत्तर सांगते, कारणं मागून. १२५ घ्या. तीच, पोचा असलेली. २५० कितीही चकचकीत असली तरी आत्ता घेऊ नका.

शिकणाऱ्याच्या हातून गाडी पडतेच. ती सहसा वेगात पडत नाही, जवळजवळ उभ्या-उभ्या पडते. वळताना क्लच पटकन सुटतो, इंजिन बंद पडतं, हँडल एका बाजूला वळलेलं असतं आणि गाडी त्याच अंगाला कलंडते. तुमची मुलगी कितीही हुशार असली तरी हे दोन-तीन वेळा होणार. प्रश्न एवढाच की ते झाल्यावर तिच्या मनात काय राहील.

काही वर्षांपूर्वी भाच्याला शिकवताना मी नेमकी तुमच्या मनात असलेली चूक केली. माझी स्वतःची, जिवापाड जपलेली गाडी त्याच्या हातात दिली. रिकाम्या मैदानावर तिसऱ्या की चौथ्या फेरीला तो वळणावर थांबला, पाय टेकवला, पायाखाली बारीक खडी होती. पाय सरकला. गाडी सावकाश, अगदी डोळ्यांदेखत, डाव्या अंगावर आडवी झाली. क्लचची लिव्हर कट्‌कन मोडली, टाकीवर वीतभर ओरखडा उठला. मी धावत गेले आणि आधी टाकीकडे पाहिलं. क्षणभरच, पण त्याने ते पाहिलं. त्याचा गुडघा सोलला होता, ते तो घरी पोचल्यावरही बोलला नाही. त्यानंतर त्या गाडीवर बसला की त्याचे खांदे कानांपर्यंत चढलेले आणि हात काठीसारखे ताठ. ताठ हातांनी गाडी वळत नाही.

शेवटी मी एक जुनी १०० सीसी घेतली, आधीच चार ठिकाणी खरचटलेली. पहिल्याच दिवशी त्याच्यासमोर ती मी स्वतः हळूच आडवी केली आणि म्हटलं, आता उचल. आठवड्याभरात त्याचे खांदे खाली आले. तुमच्या १२५च्या टाकीवरचा पोचा हा म्हणूनच मला तिचा गुण वाटतो. पहिला ओरखडा तुमच्या मुलीचा नसेल, आणि गाडी पडली तर तुमची नजर आधी तिच्याकडे जाईल.

वजनाचंही पाहा. १२५ची साधी गाडी साधारण ११० ते १३० किलोंची असते, २५० बहुधा १५०च्या पुढे. चालत्या गाडीवर हा फरक कळत नाही. पार्किंगमधून मागे ढकलताना, उतारावर थांबताना, आडवी झालेली उचलताना तो पुरता कळतो. ताकदीचंही तसंच. मनगट चुकून जास्त फिरलं तर १२५ गुरगुरते आणि जरा पुढे उसळते. मोठी गाडी तीच चूक झाल्यावर हातातून निसटू पाहते. युरोपीय संघात मोटारसायकल परवान्याची पहिली पायरी १२५ सीसी आणि ११ किलोवॉटवर, म्हणजे साधारण १५ अश्वशक्तीवर थांबते. तुम्ही राहता तिथे तिच्या वयाला कोणता परवाना आणि केवढं इंजिन चालतं, हे गाडीचे पैसे देण्याआधी पाहून घ्या. परवाना हाती येईपर्यंत सार्वजनिक रस्ता नको, कोपऱ्यापर्यंतसुद्धा नको. मालकाची परवानगी असलेली मोकळी जागा शोधा.

‘शिकून झाल्यावर तीच वापरेल’ हे ऐकायला हिशोबी वाटतं, पण वर्षभराने तिला काय हवं असेल हे आज तिलाही माहीत नाही. जुन्या १२५ची किंमत पडायची तेवढी पडून गेलेली असते. वर्षभर वापरून विकलीत तर फारसं नुकसान होत नाही.

आता त्या उभ्या गाडीबद्दल. ‘कमी चाललेली’ हा शब्द आपल्याला फार भुरळ घालतो. पण दोन वर्षं उभी राहिलेली गाडी विश्रांती घेत नसते, ती आतून बिघडत असते. पेट्रोल शिळं होऊन कार्बोरेटरच्या बारीक भोकांत चिकट थर बसतो. टाकीत हवा आणि ओल असेल तर आतून गंज धरतो. बॅटरी मेलेली असते. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, म्हणून ते चाललेल्या किलोमीटरवर न मोजता साधारण दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. आणि सहा हजार किलोमीटरच चालली असेल तर टायर बहुधा पहिलेच असणार, म्हणजे आठ वर्षांचे. नक्षी शाबूत दिसते, रबर मात्र कडक झालेलं असतं आणि ओल्या रस्त्यावर धरत नाही. टायरच्या बाजूवर लांबट चौकटीत चार आकडे असतात. २३१८ असं असेल तर तो टायर २०१८ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. बाजूच्या रबरावर केसासारख्या भेगा दिसल्या तर नक्षी कितीही असो, बदलायचा. हा सगळा खर्च त्या ‘नव्याकोऱ्या’ गाडीच्या किमतीत मनाने मिळवून पाहा.

१२५सुद्धा डोळे मिटून घ्यायची नाही. मालकाला आदल्या दिवशी सांगा की गाडी चालू करून ठेवू नका, थंड हवी आहे. गेल्यावर पहिलं काम म्हणजे इंजिनजवळ तळहात न्यायचा. गरम लागलं तर पुन्हा येतो म्हणा. थंड इंजिन कसं चालू होतं यावरून गाडीची खरी तब्येत कळते. गरम इंजिन सगळं लपवतं. चालू झाल्यावर सायलेन्सरमागे उभे राहा. सुरुवातीला थोडी पांढरी वाफ चालते. रेस दिल्यावर निळसर धूर आला तर इंजिन ऑइल जाळतंय, म्हणजे मोठं काम. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, ते बऱ्याचदा थोडक्यात आटोपतं.

गाडी आपटलेली आहे का, हे टाकीवरून कळत नाही. हँडल पूर्ण वळवल्यावर जिथे अडतं तिथे चेसिसवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, धातूचा एक छोटा टेकू असतो. पुढून जोराची धडक बसली की हँडल एवढ्या ताकदीने फिरतं की तो टेकू चेपतो किंवा त्याचा रंग उडतो. विकणारा टाकी रंगवतो, लिव्हर बदलतो, आरसे नवे लावतो. या टेकूकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. विजेरी घेऊन वाकून पाहा. एकदा एका विक्रेत्याने मला ‘एकदाही न पडलेली’ म्हणून दाखवलेल्या गाडीचा हा टेकू पार एका बाजूला दबलेला होता. मी काही न बोलता परत आले. मग दहा पावलं मागे जाऊन बसा आणि मागचं चाक पुढच्या चाकाच्या रेषेत आहे का ते बघा. पुढचं चाक जमिनीवरून उचलून हँडल अगदी हलक्या हाताने इकडून तिकडे फिरवा. मधोमध आल्यावर ते खाचेत अडकल्यासारखं वाटलं तर हँडलचे बेअरिंग गेलेत.

चेन मागच्या दातेरी चक्राच्या अगदी मागच्या टोकाला चिमटीत धरून बाहेर ओढा. दाताचा अर्ध्याहून जास्त भाग उघडा दिसला तर चेन संपलीय. चक्राचे दात लाटेसारखे एका बाजूला झुकलेले असतील तर चेन आणि दोन्ही चक्रं एकदम बदलायची. पुढच्या शॉकअपच्या दांड्यांवर तेलाचं कडं दिसतंय का, ब्रेकची लिव्हर दाबल्यावर भुसभुशीत लागते का, तेही पाहा. चालवून बघताना वरच्या गिअरमध्ये एकदम रेस द्या. इंजिनाचा आवाज वाढला पण गाडी पुढे गेली नाही, तर क्लच प्लेटा घसरताहेत. यातल्या बऱ्याच गोष्टी दुरुस्त होतात आणि त्यावर भाव कमी करता येतो. चेसिसला धक्का असेल तर मात्र भाव करायचाच नाही, निघून यायचं. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर स्वतःच्या डोळ्यांनी कागदाशी जुळवा, विकणारा हाच कागदावरचा मालक आहे ना आणि गाडीवर कर्ज बाकी नाही ना, एवढं पक्कं करा. आणि तुमचा विश्वासाचा मेकॅनिक बरोबर न्या. पंचवीस वर्षं चालवणं वेगळं आणि उघडून पाहणं वेगळं.

मुलीला सीटवर बसवून पाहायला विसरू नका. दोन्ही पायांचे चवडे नीट टेकायला हवेत. क्लचच्या लिव्हरवर तिची बोटं पहिल्या पेरापर्यंतच पोचत असतील तर लिव्हर जवळ घेऊन मिळते का ते विचारा. हाफ क्लचवर, म्हणजे लिव्हर अर्धी दाबून, अर्धा तास काढायचा तर त्या बोटांवरच सगळा भार येतो.

गाडीच्या पैशांतून थोडे वाचवता आले तर ते हेल्मेटवर घाला. अनेक अभ्यास एकत्र तपासून २००८ साली एक आढावा निघाला होता. त्यानुसार हेल्मेटमुळे मोटारसायकल अपघातात मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याच्या दुखापतीचा सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो. गाडी जुनी चालेल, हेल्मेट जुनं चालणार नाही. आतला फोम एकदा दबला की त्याचं काम संपतं, आणि ते बाहेरून दिसत नाही. दुकानात तिला घालायला लावा, पट्टा आवळा, आणि मागच्या कडेला धरून पुढे ढकलून बघा. डोक्यावरून निघून आलं तर ते तिचं नाही. गाल जरा दाबले गेले पाहिजेत. हातमोजे आणि घोटा झाकणारे बूटही पहिल्या दिवसापासून हवेत, मैदानावरसुद्धा. पडताना माणूस आधी तळहात टेकतो.

आता थोडं अवघड बोलते. तुम्ही एकट्याने शिकवू नका. हॅरी हर्ट या संशोधकाच्या गटाने अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या परिसरातल्या सुमारे ९०० मोटारसायकल अपघातांचा जागेवर जाऊन तपास केला. त्याचा अहवाल १९८१ साली आला. त्या अपघातांतले ९२ टक्के चालक स्वतःच शिकलेले होते किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले होते. हा आकडा एकटा सगळं सिद्ध करत नाही, कारण त्या काळात रीतसर शिकणारेच थोडे होते. पण त्याच अहवालातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. निम्म्याहून अधिक चालकांना त्या विशिष्ट गाडीचा पाच महिन्यांहून कमी सराव होता. म्हणजे जपायचे ते पहिले महिने.

तुम्ही चांगले चालवता हे खरं, पण पंचवीस वर्षांत तुमच्या हातापायांना जे येतं ते तुम्हाला शब्दांत सांगता येईलच असं नाही. विल्बर राइट, विमानवाले, आधी सायकलींचं दुकान चालवायचे. त्यांनी कितीतरी सायकलस्वारांना विचारलं होतं की डावीकडे वळताना तुम्ही नेमकं काय करता, आणि कुणालाच बरोबर सांगता आलं नाही. डावीकडे वळायला हँडल आधी किंचित उजवीकडे जातं, त्याने सायकल डावीकडे झुकते आणि मग वळते. वेगातली मोटारसायकलही अशीच वळते. ज्या बाजूला जायचं त्या बाजूची मूठ पुढे दाबायची. तुम्ही हे रोज करता. मुलीला नीट सांगाल का, हे स्वतःला विचारून पाहा. म्हणून रीतसर प्रशिक्षण देणारी संस्था किंवा शिक्षक शोधा, आणि मधल्या दिवसांत सराव तुम्ही घ्या. तिथे तुमच्याइतका धीर दुसऱ्या कुणाकडे नसेल.

सरावाचा पहिला दिवस इंजिन बंद ठेवूनच काढा. तिला गाडी ढकलत आठचा आकडा काढू द्या, ढकलता ढकलता ब्रेक दाबू द्या, साइड स्टॅण्डवर लावू-काढू द्या. उजव्या अंगावर आडवी असेल तर उचलण्याआधी साइड स्टॅण्ड बाहेर काढायचा, गाडी गिअरमध्ये टाकायची, सीटला पाठ लावून बसायचं आणि पायांच्या जोरावर मागे सरकत उभी करायची. कंबर वाकवून उचलायला गेलं तर पाठ धरते. दुसऱ्या दिवशी रेस न देता नुसता क्लच. हळूहळू सोडत जायचा, गाडी जिथे ओढ घेते ती जागा हाताला सापडली की पुन्हा दाबायचा. हे पन्नास वेळा. कंटाळवाणं आहे, पण त्या जागेची ओळख पटली की निम्मी मोटारसायकल आली.

पुढच्या ब्रेकची भीती घालू नका. ‘पुढचा मारलास तर उलटशील’ हे वाक्य ऐकत मोठी झालेली माणसं ऐन वेळी फक्त मागचा ब्रेक दाबतात आणि घसरत जातात. ब्रेक लावला की वजन पुढच्या चाकावर येतं, त्यामुळे थांबवण्याची बहुतांश ताकद तिथेच असते. फक्त ते वजन पुढे यायला क्षणभर द्यावा लागतो. लिव्हर ओला स्पंज पिळावा तशी दाबायची, आधी हलकी, मग घट्ट. हँडल सरळ असतानाच. ताशी २० किलोमीटरपासून सुरू करा आणि खडूने रेघ मारून रोज अंतर मोजा.

वेगाचा धडाही त्याच रेघेवर द्या. ताशी ३० ला एका सेकंदात गाडी ८ मीटर जाते, ६० ला १७. समोर काही आलं हे कळून हात ब्रेकवर जाईपर्यंत तो सेकंद गेलेला असतो. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर नीट ब्रेक लागला तर ३० वरून थांबायला साधारण ६ मीटर लागतात आणि ६० वरून साधारण २३. सगळं मिळून १४ मीटर आणि ४० मीटर. ही दोन्ही अंतरं मैदानावर मोजा, दोन टोकांना दोन दगड ठेवा आणि तिला त्यांच्यामधून पायी चालू द्या. माझा भाचा ४० मीटर चालून गेला आणि मागे वळून नुसताच बघत राहिला.

एका वेळी पाऊण तासाहून जास्त नको. डावा हात दमला की चुका सुरू होतात, आणि दमलंय हे सतरा वर्षांचं मूल सांगत नाही. तुमचा आवाज चढतोय असं वाटलं तर त्या दिवशीचा सराव तिथेच थांबवा.

राहिल्या तुमच्या पत्नी. त्यांना पटवायचं, हा विचारच सोडा. त्यांची भीती खरी आहे. हर्ट यांच्याच अहवालात मोटारसायकल आणि दुसऱ्या वाहनाच्या धडकांपैकी दोन तृतीयांश धडकांत चूक समोरच्या चालकाची होती, त्याने आडवं येऊन मोटारसायकलची वाट अडवली होती. आपली मुलगी नीट चालवेल, पण बाकीच्यांचं काय, असं आई म्हणते तेव्हा ती हेच सांगत असते. म्हणून नियम ठरवायला त्यांनाच बसवा, आणि गाडी घेण्याआधी बसवा. पहिलं वर्ष मागे कुणी बसणार नाही. पहिले काही महिने रात्री नाही, पावसात नाही. फोन बॅगेत, खिशात नाही. आणि एक नियम तुम्हा दोघांसाठी. ती कुठूनही, कितीही वाजता ‘मला न्यायला या’ म्हणाली तर जायचं, आणि त्या रात्री एकही प्रश्न विचारायचा नाही. हे सगळं कागदावर लिहा. पत्नीने नियम कडक केले तर करू द्या. तरीही त्या नाहीच म्हणाल्या तर सहा महिने थांबा; तोवर प्रशिक्षकाकडे त्याच्या गाडीवर पहिले धडे झाले तर तेही बघायला त्यांना न्या.

१२५ पाहायला जाल तेव्हा दोघींना बरोबर घ्या. विजेरी मुलीच्या हातात द्या, चेसिसवरचा टेकू तिला शोधू द्या आणि टायरवरचे ते चार आकडे तिलाच मोठ्याने वाचायला सांगा.